परमनंट सोडून कंत्राटी धरायचं का? विदर्भातल्या कामगारासाठी वर्षाचा हिशोब

गडचांदूरचे सिमेंट कारखाने, वणी-घुग्घुसच्या कोळसा खाणी, चंद्रपूर आणि कोराडीची औष्णिक केंद्रं, हिंगणघाटच्या जिनिंग, बुटीबोरीची एमआयडीसी. या सगळ्या ठिकाणी आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले कंपनीचे आणि ठेकेदाराचे कामगार एकाच मशीनवर उभे असतात. हाताला चांगलं काम असलेल्या फिटरला, वेल्डरला, इलेक्ट्रिशियनला कधी ना कधी निरोप येतोच, "चोवीसच भेटतात ना तुले? मी बत्तीस देतो."

हा आकडा महिन्याचा असतो. घर चालतं वर्षाच्या आकड्यावर, आणि तो कोणीच काढून देत नाही. तो स्वतः कसा काढायचा, कोणते कागद मागायचे आणि कोणत्या महिन्यात राजीनामा देऊ नये, हे खाली क्रमाने दिलं आहे. हा क्रम पाळा. बोलणी पक्की झाल्यावर हिशोबाला बसलं की मन आधीच बत्तीसवर अडकलेलं असतं.

पहिलं काम: कंत्राट कोणत्या तऱ्हेचं ते ओळखा

कंपनी स्वतःच्या लेटरहेडवर ठरावीक मुदतीसाठी नेमणूक देते, त्याला फिक्स टर्म म्हणतात. पीएफ कंपनीच्याच कोडवर जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे अशा कामगाराला त्याच कामावरच्या परमनंट कामगारासारखेच लाभ द्यावे लागतात, आणि ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) पाच वर्षांऐवजी एका वर्षाची नोकरी पुरते. कंत्राटी कामात त्यातल्या त्यात सुरक्षित हेच.

दुसरी तऱ्हा ठेकेदाराच्या मस्टरवरची. काम कंपनीत, हजेरी आणि पगार ठेकेदाराकडे. विदर्भात सगळ्यात जास्त हीच, आणि फसगतही इथेच जास्त. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असं कायदा सांगतो. पण तुम्ही तिथे काम केल्याचा कागद तुमच्याजवळ असेल तरच त्याचा उपयोग.

तिसऱ्या तऱ्हेत तुम्ही स्वतःच्या नावाने बिल देता. कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार राहत नाही, सेवा देणारे होता. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), बोनस, भरपगारी सुटी यातलं काहीच लागू होत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं, सेफ्टी ऑफिसर, अकाउंटंट, साइट इंजिनिअर यांना बहुतेक वेळा हेच देऊ करतात.

चौथी तऱ्हा पेटी कंत्राटाची. रेटवर काम घ्यायचं आणि गावातलीच पाच-दहा माणसं लावायची. इथे मालक तुम्हीच होता. कामावरचा कोणी पडला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो आणि किमान वेतनाचा जाबही तुम्हालाच द्यावा लागतो. नोकरी सोडून थेट पेटी कंत्राटात उडी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणती तऱ्हा हे तोंडी विचारू नका. नेमणूक पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे, पीएफ कोणाच्या कोडवर जाणार आणि टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) पगार म्हणून कापणार की व्यावसायिक फी म्हणून, एवढं बघितलं की सगळं कळतं.

दुसरं काम: आजच्या नोकरीची खरी किंमत काढा

समजा एकूण पगार २४,००० आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००. वर्षाचा हिशोब असा होतो:

पगार २४,००० × १२ = २,८८,०००
पीएफमधला कंपनीचा वाटा, १५,००० च्या १२ टक्के, महिना १,८०० = २१,६००
ग्रॅच्युइटी, १५,००० × १५ ÷ २६ = ८,६५४
बोनस, किमान ८.३३ टक्के, ७,००० च्या पायावर = सुमारे ७,०००
कंपनीचा आरोग्य विमा नसता तर कुटुंबासाठी भरावा लागणारा हप्ता, अंदाजे १५,०००

बेरीज ३,४०,२५४. विम्याचा आकडा प्रत्येकाच्या वयावर अवलंबून असतो, म्हणून आपल्या घरासाठी कोटेशन काढून खरा आकडा टाका. पगार २१,००० च्या आत असेल तर तुम्ही ईएसआयसीत असता. तिथे तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते, आणि कुटुंबाच्या उपचारासोबत आजारपणाच्या रजेतही पगाराचा काही भाग मिळतो. तो हिशोबात धरा.

आता कामाचे दिवस. महिन्याला २६ धरून वर्षाचे ३१२. त्यातून भरपगारी रजा आणि सणांच्या सुट्या मिळून २३ दिवस वजा केले की उरतात २८९. म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या एका दिवसाचे तुम्हाला आज १,१७७ रुपये पडतात. पगार भागिले २६ करून येणारे ९२३ हा खरा दर नव्हे. बोलणी करताना बहुतेकांच्या डोक्यात ९२३ च असतो, आणि तिथेच घाटा होतो.

तिसरं काम: कंत्राटाचे दिवस मोजा

"बत्तीस" म्हणजे बहुतेक ठिकाणी २६ हजेरीचे बत्तीस. दिवसाला १,२३१ रुपये. हजेरी नाही, तर पैसे नाहीत. वरून काहीच लाभ मिळणार नसतील तर ३,४०,२५४ भागिले १,२३१ करा, उत्तर येतं २७७. वर्षात २७७ दिवस काम मिळालं तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहता, कमाई वाढलेली नसते. ठेकेदार पीएफचा आपला वाटा वरून भरणार असेल तर हाच आकडा २६२ पर्यंत उतरतो.

२७७ दिवस मिळतील का? अकरा महिन्यांचा करार, मधे महिन्याचा खंड, वर्क ऑर्डर नूतनीकरणाला लागणारा वेळ, घरातलं लग्न, तेरवी, ताप, पोळा, दिवाळी. हे सगळे दिवस बिनपगारी. वर्षात २३० दिवस भरले तर हातात येतात सुमारे २,८३,०००. कागदावर आठ हजारांनी वाढलेला पगार वर्षाकाठी ५७,००० ने कमी निघतो. २३० दिवसांत आजच्याइतकंच मिळवायचं तर दर १,४८० हवा, म्हणजे २६ हजेरीला साडेअडतीस हजार. बोलणी या आकड्यापासून सुरू करा.

आणखी एक विचारायचं राहू देऊ नका: बत्तीस हातात की बत्तीस कॉस्ट? कॉस्ट असेल तर पीएफचे दोन्ही वाटे त्यातूनच जातात. १५,००० च्या पायावर ते ३,६०० होतात आणि हातात २८,४०० पडतात. ठरलेल्या मजुरीतून मालकाचा वाटा कापणं बेकायदा आहे, पण आकडाच कॉस्ट म्हणून सांगितला असेल तर नंतर भांडायला जागा उरत नाही.

चौथं काम: बारा महिन्यांचा तक्ता मांडा

हा भाग शहरातल्या सल्ल्यात सापडत नाही, आणि खेड्यातल्या माणसाला सर्वात जास्त उपयोगी हाच आहे. एका कागदावर एप्रिल ते मार्च लिहा. प्रत्येक महिन्यासमोर तीन रकाने: कंत्राटाचा पैसा, वावराचा पैसा, खर्च.

वावरातला पैसा येतो सोयाबीनचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि कापसाचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे ते जुलै बियाणं, खत, पेरणी, निंदण, त्यातच जूनमध्ये शाळेच्या फिया आणि वह्या-पुस्तकं. ऑगस्ट-सप्टेंबरात घरात नगद सहसा नसतेच. आजवर हे महिने पगारावर निघाले. आता कंत्राटाचा खंड कोणत्या महिन्यात पडतो ते बघा. पुष्कळ वर्क ऑर्डर ३१ मार्चला संपतात. नवी निघेपर्यंत एप्रिल-मे जातो आणि पहिलं पेमेंट जून-जुलैत येतं. पीककर्जाची परतफेडही ३१ मार्चपर्यंतच करायची असते. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. पगार अडकल्यामुळे ती तारीख हुकली की सवलत हातची जाते.

कामाचा हंगामही धंद्याप्रमाणे वेगळा. जिनिंग नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल जोरात, पुढे काम जवळजवळ बंद. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिल धान निघाल्यावर तापतात. उघड्या खाणीत माती काढायचं काम पावसाळ्यात मंदावतं, म्हणून डंपर आणि पोकलेन ऑपरेटरची हजेरी जुलै-ऑगस्टात घटते. सिमेंटच्या भट्टीचा शटडाऊन आणि थर्मलच्या युनिटचं ओव्हरहॉल बहुतेक पावसाळ्यातच काढतात, कारण तेव्हा सिमेंटला उठाव नसतो आणि विजेची मागणी उतरलेली असते. शटडाऊनच्या वेल्डरला, रिगरला हे दिवस बारा-बारा तासांच्या कामाचे, दरही चढा. पण वावरात निंदण आणि फवारणी त्याच दिवसांत येते. घरी दुसरा करता माणूस नसेल तर मजूर लावावा लागेल, त्याचा खर्च तक्त्यात आत्ताच लिहा.

तक्ता भरल्यावर जे महिने उणे येतात त्यांची बेरीज करा. तेवढी रक्कम अधिक सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. वावर, दागिने आणि कोणाला दिलेले हातउसने यात धरू नका, वेळेला ते कामी येत नाहीत.

ग्रॅच्युइटी, पीएफ, पेन्शन: तारखा तपासा

परमनंट कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षांची सलग नोकरी झाल्यावर लागू होते. साडेचार वर्षांवर नोकरी सोडली तर वरच्या उदाहरणात ४३,२६९ रुपये जातात. चार वर्षं २४० दिवस पुरेसे धरणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण कंपनीने नकार दिला तर तो घेऊन भांडत बसावं लागतं. सहा महिने थांबणं परवडतं. ठेकेदाराला कामाची घाई असते, तुम्हाला असायचं कारण नाही.

पीएफमधल्या कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, १५,००० च्या मर्यादेवर महिना १,२५०. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सभासद सेवा लागते. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. १५,००० वर दहा वर्षं म्हणजे ५८ व्या वर्षापासून महिना २,१४३. रक्कम लहान आहे, पण ती जन्मभर मिळते आणि पाठीमागे बायकोलाही लागू होते. आठ-नऊ वर्षं झाली असतील तर ज्या कंत्राटात पीएफ नाही ते धरूच नका. कंत्राटात पीएफ असेल तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, म्हणजे सेवा जोडली जाते.

सोडताना पीएफ काढून घर रंगवणं किंवा मोटरसायकल घेणं ही फार मोठी चूक. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ५०,००० च्या वर गेली तर टीडीएस कापला जातो. खातं नव्या मालकाकडे ट्रान्सफर करा. दहा वर्षांच्या आत पीएफ असलेली नोकरी सुटत असेल तर पेन्शनचे पैसे उचलण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढे कधी पीएफची नोकरी लागली तर जुनी वर्षं मोजली जातात.

एक नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. पीएफच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला ईडीएलआय विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. पीएफ थांबला की हे छत्र जातं. त्याच्या जागी टर्म इन्शुरन्स घ्याच. निदान बँकेतून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा, दोन्ही प्रत्येकी २ लाखांचे, त्याच दिवशी सुरू करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या दवाखान्यांतच. कोरपना-जिवतीहून रात्री चंद्रपूर किंवा नागपूर गाठायच्या गाडीचा, तपासण्यांचा आणि बाहेरच्या औषधांचा खर्च खिशातूनच होतो.

कर्ज आणि जामीन

बँक पगारदाराला सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) यांवर कर्ज देते. स्वतःच्या बिलावर काम करणाऱ्याकडे दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. म्हणजे सोडल्यानंतर दोन वर्षं तरी घरकर्ज कठीण. चालू कर्जाचा हप्ता तक्त्यातल्या सर्वात वाईट महिन्यातही निघतो का ते बघा.

कंपनीच्या कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज असेल तर बाकी हिशोबातून कापली जाते आणि हातात येणारी रक्कम अर्धीही राहत नाही. पतसंस्थेत लेखी बाकी काढा. तुम्ही कोणाला जामीन असाल, किंवा कोणी तुमच्यासाठी असेल, तर राजीनाम्याआधी त्या माणसाशी बोला. गावात हे संबंध पैशापेक्षा मोठे असतात.

ठेकेदाराची पारख

पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. ठेकेदाराच्या फर्मचं नाव किंवा कोड टाकला की कोणत्या महिन्याचा भरणा कधी आणि किती माणसांचा झाला ते दिसतं. साइटवर दीडशे माणसं आणि भरणा चाळीसचा असेल तर पुढची बोलणी थांबवा.

मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याच्या चालू कामगारांना विचारा. मागचा पगार कोणत्या तारखेला झाला? दिवाळीला बोनस दिला का, की सह्या घेऊन परत मागितला? पीएफ पासबुकात नोंद आहे का? मागच्या वर्षी कोणाला लागलं तेव्हा दवाखान्याचं कोणी भरलं? दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या पाळ्यांच्या माणसांना विचारा.

ठेकेदाराची वर्क ऑर्डर कधी संपते हेही काढा. टेंडर बदललं की नवा ठेकेदार बहुधा तीच माणसं ठेवतो, पण जुन्याचा हिशोब अडकतो आणि सेवेत खंड पडतो. म्हणून दर ठेकेदाराकडून कामाचा दाखला घ्या, आणि गेट पास, हजेरी कार्ड व बँकेतल्या पगाराच्या नोंदी यांचे फोटो जपा.

करारात या गोष्टी लेखी हव्यात: दर आणि तो किती हजेरीचा, पगाराची तारीख, आठ तासांवर दुप्पट दराने ओव्हरटाइम, कंपनीनेच काम बंद ठेवलेल्या दिवसाचं काय, काढण्याची आणि सोडण्याची नोटीस किती, अपघात विमा, जाण्यायेण्याची सोय, बूट-हेल्मेट-बेल्ट कोणाचे. टीसी, आयटीआयचं प्रमाणपत्र, सातबारा यांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नका. कोऱ्या चेकवर किंवा स्टॅम्पपेपरवर सही मागणाऱ्याकडे कामाला जाऊ नका.

स्वतःच्या बिलावर काम करणाऱ्यांसाठी

तुमच्या बिलातून टीडीएस कापला जाईल. व्यावसायिक फी असेल तर १० टक्के, तांत्रिक सेवा असेल तर २, कामाचं कंत्राट असेल तर १ टक्का. हा कर नंतर परत मिळू शकतो, पण तोवर पैसा अडकतो. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का ते दर तिमाहीला २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-जमा विवरणात, बघा. नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, मात्र पगारदाराला मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट तुम्हाला नाही. वर्षाचं बिल २० लाखांवर गेलं की जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० आता स्वतःच भरायचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, फुकट होते, ती करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक नुसता छापलेला असला तरी अकाउंट्सवाले तारीख पाळू लागतात.

सरकारी कंत्राटाबद्दल थोडंसं

खाजगीतलं परमनंट सोडून आरोग्य विभागात किंवा एखाद्या योजनेत अकरा महिन्यांच्या करारावर जाताना "पुढेमागे कायम करतील" हा आधार धरू नका. केवळ कंत्राटावर वर्षं काढली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात सांगितलं आहे. मानधन आणि कामाचं ठिकाण पटत असेल तर जा.

कोणाला जमतं, कोणाला नाही

बॉयलरच्या पाइपचं उच्च दाबाचं वेल्डिंग करणारा, क्रेन चालवणारा, डीसीएसवर (प्लांट चालवायच्या कंट्रोल संगणकावर) बसणारा माणूस हंगामात सहज मिळत नाही. असं काम हाताला असेल, घरात दुसरा पक्का पगार असेल, पेन्शनची दहा वर्षं झाली असतील, तर १,४८० च्या वरचा दर मागून जायला हरकत नाही. आजची नोकरी नावालाच परमनंट असेल, पीएफ भरला जात नसेल, पगार तीन-तीन महिने थकत असेल, तर पीएफसह मिळणारं चांगलं कंत्राट तिच्यापेक्षा बरं.

कमावणारे तुम्ही एकटे, घरात डायलिसिस किंवा शुगरसारखं कायमचं दुखणं, चालू घरकर्ज, वय पन्नाशीच्या पुढे: यातल्या दोन गोष्टी लागू असतील तर आमचा सल्ला नाही म्हणण्याचा आहे, दर कितीही चांगला असो.

राजीनाम्याचा क्रम

नवं नेमणूक पत्र किंवा वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय राजीनामा लिहू नका. तोवर यूएएनला आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे, नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे आणि ई-नॉमिनेशन झालं आहे याची खात्री करा. "रामभाऊ" आणि "रामदास" एवढ्या फरकावर दावे महिनोन्महिने अडकतात, आणि कंपनीत असताना दुरुस्ती सोपी जाते. अडलं तर दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर घेतं. नागपूर-अकोल्याची फेरी वाचते.

राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस काळात रजा टाकू नका, दिवस कापले जातात. बाहेर पडताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, शेवटच्या बारा स्लिपा आणि शिल्लक अर्जित रजेच्या पैशांचा हिशोब मागा, फॉर्म १६ कधी मिळेल ते विचारून ठेवा. संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतःहून लेखी द्या, कंपनी पाठवेल म्हणून वाट बघू नका.

दोन महिन्यांनी पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर ती तुम्हाला स्वतः आधार ओटीपीने भरता येते. त्यानंतर लगेच ट्रान्सफरचा अर्ज टाका, आणि नव्या ठेकेदाराची पहिली नोंद पासबुकात येईपर्यंत दर महिन्याला ते उघडून बघत राहा. तिसऱ्या महिन्यातही नोंद दिसली नाही तर ठेकेदाराला आणि मूळ कंपनीच्या एचआरला एकाच तारखेचं लेखी पत्र द्या, दोन्हींची पोच घ्या.